घोड्याचे चार बोल

१

खंडेनवमीला सकाळी साडेदहाच्या सुमाराला राजेंद्र कळंबे आपल्याच देवघरासमोर छातीत गोळी लागून मेला. शेजारी फरशीवर त्याच्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर पडलं होतं. त्याच्यावरचं हळदकुंकू अजून ओलं होतं.

दसरा झाला, रविवार गेला, आणि सोमवारी ती फाइल महाडला शर्मिला गायकवाडच्या टेबलावर येऊन पडली.

शर्मिला पोलीस नव्हती. सरकारी कचेरीत अव्वल कारकून होती. तिच्याकडे शस्त्रपरवान्यांचं टेबल. म्हणजे डुकरं-माकडं हाकायच्या ठासणीच्या बंदुका, निवडणूक आली की त्या जमा करून घ्यायच्या, कोणाचा बाप वारला की वारसाच्या नावावर चढवायच्या. अकरा वर्षांत तिने एकदाही बंदूक हातात धरली नव्हती. कागद तेवढे धरले होते.

"मॅडम, साधी केस आहे," हेडक्लार्क सुहास उभ्याउभ्याच म्हणाला. "रिव्हॉल्व्हर देवघराच्या कट्ट्यावरून पडलं, आपोआप उडालं. दुरुस्ती कच्ची. दुरुस्तीवाल्याचा परवाना रद्द करावा, असा आपला अहवाल. शुक्रवारपर्यंत."

"दुरुस्ती कोणाची?"

"श्रीपत हाटे. बाजारामागं दुकान आहे तो." सुहासने चहाचा घोट घेतला. "तुमच्यातलाच ना?"

"आमच्यातला म्हणजे? महाडचा? हो."

सुहास हसला. "तसं नाही हो. उद्या कोणी म्हणायला नको, मॅडमनी आपल्या माणसाला वाचवलं. शुक्रवारी अहवाल गेला म्हणजे गेला."

तेवढ्यात रेकॉर्डच्या कपाटामागून पाल चुकचुकली. सुहासने लगेच टेबलावर बोटं आपटली. "कृष्ण कृष्ण. बघा, पालीनं साक्ष दिली. मी बोललो ते खरं."

शर्मिलाने मान हलवली आणि फाइल उघडली.

अहवाल विरोधात गेला की श्रीपतचं दुकान कायमचं बंद. वर निष्काळजीपणाने जीव घेतल्याचा खटला. चौसष्ट वर्षांचा माणूस. दुसरं काही त्याला येत नव्हतं.

फाइलमध्ये दुरुस्तीचं कार्ड होतं, तिरक्या, दाबून काढलेल्या अक्षरातलं. "नळी साफ. चक्री घट्ट बसवली. कमान नवी. घोड्याचे चार बोल पुरे केले. सहा घरं, पाच बिऱ्हाडं. घोड्याखालचं घर रिकामं. खदाणीत पाच बार काढले. पाचही बरोबर."

तिने ते दोनदा वाचलं. घरं-बिऱ्हाडं तिला समजली. सहा गोळ्यांच्या जागा, त्यात पाचच भरायच्या.

पण चार बोल? तबल्याला बोल असतात. घोड्याला कसले?

२

दुकानाला सील होतं. श्रीपत बाहेरच्या फळीवर बसला होता, दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून. त्या हातांना रिकामं बसायची सवय नाही, हे लांबूनच कळत होतं. अंगठ्याचं नख काळं, तळहातावर जुन्या भाजण्याचे डाग. तरुणपणी मुंबईला गिरणीत लेथवर होता. बंदुकीचं काम त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मोडलेल्या बंदुका उघडून उघडून तोच शिकला.

"पोरी, तू लिही काय लिहायचं ते," तो म्हणाला. "माझ्यापायी तुझ्या नोकरीला डाग नको."

"आधी मला कळू दे काका, मग लिहीन. ते उडतं कसं?"

श्रीपतने हाताचं रिव्हॉल्व्हर केलं. बोट नळी, अंगठा घोडा.

"हे आताच्यासारखं नाय, की चाप ओढला आणि उडालं. हे जुनं, एकेरी चालीचं. आधी अंगठ्यानं घोडा पाठीपर्यंत मागं ओढायचा. तो ओढला की चक्री एक घर फिरते आणि नवी गोळी समोर येते. मग चाप दाबायचा. दर बाराला अंगठा लावायलाच लागतो."

"आणि पडलं तर?"

"खोटं कशाला बोलू? घोड्याखाली गोळी असंल, तर असलं जुनं हत्यार पडूनसुद्धा उडतं. म्हणून तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं. राजेंद्रला मी दहा वेळा सांगितलं. खदाणीत त्याच्याकडून करून घेतलं."

ही खदाण वरंधच्या रस्त्याला, बंद पडलेली. तिथे रीतसर परवानगीने, हवालदार उभा करून, दुरुस्त झालेलं रिव्हॉल्व्हर चालवून बघितलं होतं.

"घरी नेल्यावर त्यांनी चक्री फिरवून ठेवली असेल तर? गोळी घोड्याखाली आली असेल तर?"

श्रीपतने बोटांचं रिव्हॉल्व्हर मोडलं आणि हात पुन्हा मांडीवर टाकले.

"तर मी गेलो," तो म्हणाला.

"राजेंद्रशी आणखी काही बोलणं झालं होतं तुमचं? त्या रिव्हॉल्व्हरबद्दल?"

"नाय."

हे "नाय" फार लवकर आलं. इतका वेळ तिच्या डोळ्यात बघून बोलणारा माणूस आता समोरच्या गटाराकडे बघत होता.

त्याची बायको नीला चहा घेऊन आली होती. कप फळीवर ठेवून ती तिथेच थांबली. "सांगून टाका ना. मेलेल्या माणसाची कसली भीड?"

"नीला, घरात जा."

"जाते. जेलात डबा आणायचा सराव करते."

ती गेली. शर्मिलाने चहा संपवला, पण श्रीपत पुन्हा तोंड उघडेना. आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की सुहास म्हणतो तसंच असेल तर? खरंच काही कच्चं राहिलं असेल, आणि म्हातारा ते लपवत असेल तर?

३

मंगळवारी ती एसटीने पोलादपूरला उतरली. स्टँडवर हवालदार सहदेव मोटरसायकल घेऊन उभा होता. खदाणीत उभा केलेला हवालदार तो हाच, आणि मयताचा पंचनामाही त्याच्याच समोर झालेला. पोट सुटलेला, बोलका माणूस.

आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागून ते डावीकडे वाडीत उतरले.

"ह्या वाडीला बाराचं काय नडलंय कोण जाणे," सहदेव गाडीवरून ओरडून बोलत होता. "शिमग्यात वरच्या वाडीतला धोंडू गेला. जंगलात लाकडं आणायला गेलेला, छातीतनं गोळी आरपार. कोण तरी डुकराला बसला असंल ठासणीची घेऊन, त्याची लागली. कोणाची, ते काय कळलं नाय. आणि आता हा."

घर नवीन, स्लॅबचं. पुढे अंगण, मधली खोली देवघराची, आणि पडद्यापलीकडे स्वयंपाकघर.

राजेंद्रची बायको सारिका भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे. विचारलं तेवढंच सांगत होती.

"मी खालच्या वावरात गेल्ते. तोरणाला भाताच्या लोंब्या आणाया. जायच्या आधी पूजा उरकली. कोयता, पाटा, भावोजींची गाडी, बंदूक, सगळ्यांची एकाच ताटानं. बंदुकीला हळदकुंकवाची तीन बोटं ओढली, मुठीपासनं थेट नळीपर्यंत. वर घोड्याला टिळा."

"भरलेली होती?"

"म्हनलं मी ह्यांना, भरलेली कशाला ठेवताव? तर म्हनले, रिकामं शस्त्र पुजत नाय, आज्याची रीत हाय. सहदेवभाऊंनी शिकवलंय तशी पाच भरलीत, भिऊ नको." तिने पदर तोंडाला लावला. "भिऊ नको म्हनले."

"सहदेवभाऊंनी नाय, श्रीपतने," सहदेव पुटपुटला.

राजेंद्रचा धाकटा भाऊ सुनील दारात उभा होता. मुंबईला कुरियर कंपनीत सुपरवायझर, दसऱ्याला म्हणून आलेला. डिसेंबरात लग्न ठरलेलं. दाढी कोरलेली, हातात मोबाइल.

"मैं तो बाहेर होतो मॅडम. अंगणात गाडी धूत होतो. आवाज आला तसा आत पळालो, तर दादा खाली. फिनिश. त्या मिस्त्रीला सोडू नका. माणूस गेलाय आमचा."

"भावाशी काही वाद?"

"वाद कसला? फॅमिलीमध्ये थोडं इधर-उधर चालतंच."

"दोन दिवस बोलत नव्हते एकमेकांशी," सारिका खाली बघत म्हणाली. सुनीलने तिच्याकडे बघितलं आणि तो बाहेर गेला.

मग शेजारचा मंगेश. हा राजेंद्रच्या मागे लागला होता की रिव्हॉल्व्हर मला दे, अख्ख्या वाडीला माहीत. मयताच्या वेळी तो जवळपासच होता आणि लोक जमल्यावर पसार झाला होता. शर्मिलाने नुसतं नाव विचारलं तर त्याला घाम फुटला.

"मी टेकाडावर होतो. रेंज नाय हो इथं! बार मी वरनंच ऐकला."

"मग पळालात का?"

"मी त्याला बंदूक मागत होतो, लायसन-बियसन न करता. ते पोलिसांना कळलं असतं तर माझीच पूजा झाली असती."

"टेकाडावरच होता तो," सारिका म्हणाली. "वावरातनं दिसत होता मला. बार झाला तेव्हा हॅलो हॅलो करून नाचत होता."

म्हणजे सारिका वावरात, मंगेश टेकाडावर, आणि तो तिला तिथून दिसत होता. घरात राहिली एकच. राजेंद्रची आत्या रंगूबाई.

ती स्वयंपाकघरात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी बोटांनी खडे अचूक निघत होते. बाळंतपणात भावजय गेली तेव्हापासून सुनीलला हिनेच वाढवला, असं सहदेवने बाहेरच सांगितलं होतं.

"आत्या, त्या दिवशी काय ऐकलंत?"

"काय ऐकणार गो? बार ऐकला."

"त्याच्या आधी?"

म्हातारीची बोटं थांबली.

"पाल चुकचुकली. चार येळा. मी जमिनीवर बोटं आपटली, कृष्ण कृष्ण केलं. आनि बार झाला."

शर्मिलाच्या घरात पालीला कोणी विचारत नाही. पण सुहासची टेबलावर आपटलेली बोटं तिला आठवली. पाल साक्ष देते, पण कोणी काहीतरी बोललं तर ना.

"आत्या, पाल चुकचुकली तेव्हा कोण बोलत होतं?"

रंगूबाईने सूप उचललं, एकदा पाखडलं आणि तांदूळ सांडले. इतका वेळ एक दाणा न सांडणारी बाई.

"मला ऐकू कमी येतं," ती म्हणाली. आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

४

परतीला हायवेवर एका टपरीला दोघं थांबले. सहदेवने भजी मागवली.

"फोटो आहेत का त्या दिवशीचे?"

"जेवताना बघवतील?"

"मला माणूस नको. रिव्हॉल्व्हर दाखवा."

त्याने मोबाइल पुढे केला. देवघर, फरशी, रिव्हॉल्व्हर. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि नळीवर आणला. हळदकुंकवाचे तीन पट्टे. मुठीवर सरळ. पुढे लोखंडी चौकटीवर सरळ. नळीवर सरळ. मधल्या चक्रीवर मात्र पट्टे नव्हते.

होते. पण वर. चक्रीवरचे तिन्ही पट्टे बाकीच्यांशी जुळत नव्हते, एक घर वर सरकले होते. रांगोळी काढल्यावर मधली फरशी कोणी उचलून फिरवून बसवावी, तसे.

"सहदेवभाऊ, बंदूक तुम्ही हलवली होती का फोटोच्या आधी?"

"खुळा हाय का मी? साहेब येईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाय. नंतर उघडली तेव्हा एक उडालेलं काडतूस घोड्याखाली, चार भरलेली, एक घर रिकामं."

शर्मिलाने भजं खाली ठेवलं.

"सारिकाने पट्टे ओढले तेव्हा ते सरळ होते. मुठीपासून नळीपर्यंत. पूजेनंतर चक्री एक घर फिरली. पडल्याने ती फिरत नाही. घोडा मागे ओढला तरच फिरते."

सहदेवचा घास तोंडातच राहिला.

"राजेंद्रनंच ओढला असंल. बघत असंल हौसेनं."

"मग घोड्यावरचा टिळा बघा."

घोड्याच्या शेंड्यावर कुंकू नव्हतंच. पुसलेलं. कडेला फक्त लाल रेघ उरली होती.

"ज्याने घोडा ओढला त्याच्या अंगठ्याला ते लागलं. ओलं होतं. राजेंद्रचे हात कसे होते?"

सहदेवने पंचनामा पाठ म्हणावा तसा म्हटला. "दोन्ही हात स्वच्छ. कपाळाला गंध." मग हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे दुसऱ्याचा अंगठा."

शर्मिला पुढचे फोटो सरकवत होती. घराचं दार, अंगण, अंगणातली सुनीलची मोटरसायकल. ती तिथेच थांबली. मोटरसायकलला झेंडूची माळ होती. टाकीवर हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. मडगार्डवर मुंबईपासूनची धूळ, आणि त्या धुळीवरच कुंकवाचं बोट.

"पूजा एकाच ताटाने झाली होती," ती म्हणाली. "बंदुकीची आणि ह्या गाडीची. तुमच्याकडे पूजा झालेली गाडी कोणी धुतं का हो?"

"दसऱ्याच्या तोंडावर? कुंकू धुऊन टाकायचं? कोण नाय धुणार." सहदेव उठलाच. "आणि ही तर धुतलेलीच नाय! सुन्या काय धूत होता मग?"

"अंगठा," शर्मिला म्हणाली.

पण टपरीवर बसून हे म्हणणं सोपं होतं. सुनीलने खाली पडलेल्या रिव्हॉल्व्हरला हात लावला असेल, तिथून अंगठ्याला कुंकू लागलं असेल, म्हणून हात धुतले. आणि घाबरून गाडीचं खोटं सांगितलं. एवढं म्हटलं की तो सुटला. वर मोठा प्रश्न राहतच होता. सख्ख्या भावाला तो मारेल कशाला?

५

बुधवारी सकाळी ती पुन्हा फळीवर जाऊन बसली.

"काका, तुमची दुरुस्ती पक्की होती. कोणीतरी अंगठा लावून बार काढला. मला आता पटलंय. पण तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवलंय, आणि ते नाही सांगितलंत तर तुम्ही आत जाल आणि एक खुनी मोकळा फिरेल."

श्रीपतने डोळे मिटले. आतून नीलाच्या भांड्यांचा आवाज बंद झाला. ती ऐकत होती.

"राजेंद्र म्हणायचा, आजा वारल्यापासून ट्रंकेत पडून आहे. चाळीस वर्षं कोणी चालवली नाय. मी नळी साफ करायला घेतली, तर आत काजळी. चाळीस वर्षांची काजळी गंजात मुरते पोरी, खरवडून निघत नाय. ही फडक्याला लागली. सहा-सात महिन्यांची."

शर्मिलाने मनात महिने मोजले. दसऱ्यापासून मागे, शिमग्यापर्यंत.

"राजेंद्रला सांगितलंत?"

"खदाणीत. बार काढून झाल्यावर, बाजूला घेऊन. त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, शिमग्याला ट्रंकेची किल्ली सुनीलनं मागितली होती. मग माझा हात धरला. हे कोणाला बोलू नका, मी घरात बघतो. मी शब्द दिला." तो दारावरच्या सीलकडे बघत होता. "आणि असल्या कामात गिऱ्हाइकाच्या घरातलं बाहेर बोललो, तर उद्या माझ्या दुकानाची पायरी कोण चढेल?"

"दुकानच राहिलं नाय, आणि पायरीचं बोलतायत," आतून नीला.

शर्मिला उठली होती. मग तिला आठवलं.

"काका, कार्डावर लिहिलंय, घोड्याचे चार बोल. ते काय असतं?"

श्रीपतचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा उजळला. आपल्या कामाचं कोणी विचारलं की उजळतो तसा.

"घोडा मागं ओढताना आत खाचा असतात. प्रत्येक खाचेत तो एकदा वाजतो. चांगला असंल तर चारदा. हा आला तेव्हा झिजलेला, दोनदाच वाजायचा. मी खाचा भरून पुन्हा कोरल्या. आठ दिवस गेले. आता सावकाश ओढला तर..." त्याने जिभेने टाळ्यावर आवाज काढला. "चक्. चक्. चक्. चक्."

शर्मिला फळीवर परत बसली.

कार्डावर लिहिलेलं होतं. पहिल्या दिवसापासून तिच्या टेबलावर होतं.

"आत्यांनी पाल ऐकलीच नाही," ती म्हणाली.

६

"व्हिडिओ आहे ना," सहदेव फोनवर म्हणाला होता. "राजेंद्रनंच काढायला लावला मला, खदाणीत. घरी दाखवायचाय म्हणाला. पाठवायचाच राहिला."

गुरुवारी दुपारी ते वाडीत पोचले. रंगूबाई तिच्याच जागी बसली होती. सारिका चुलीपाशी. सुनील बाहेरून आला आणि पडदा धरून दारात उभा राहिला.

"अब क्या है, मॅडम? कितनी बार?"

"तुमच्याशी काम नाही. आत्यांना काहीतरी ऐकवायचंय."

सहदेवने मोबाइल जमिनीवर, म्हातारीच्या गुडघ्याजवळ ठेवला आणि बोट दाबलं.

आधी वारा. मग दगडावर चपला घासल्याचा आवाज. मग राजेंद्र. मोठ्याने, हसत.

"आत्या, ऐक गो! आज्याची बंदूक बोलणार हाय आता!"

सारिकाच्या हातातला चिमटा पडला. रंगूबाईने दोन्ही हात आवाजाकडे पुढे केले, चाचपडत, जणू तो तिथेच बसला होता.

मोबाइलमध्ये श्रीपत म्हणाला, "सावकाश ओढ. घाई नको."

चक्. चक्. चक्. चक्.

रंगूबाईची बोटं आपोआप जमिनीवर आपटली. "कृष्ण कृ..."

बार झाला. खदाणीत घुमत गेला. मोबाइलमधले लोक हसले.

रंगूबाईची बोटं तशीच जमिनीवर होती.

"हीच," ती म्हणाली. "हीच पाल गो."

"ही पाल नाही आत्या," शर्मिला हळू म्हणाली. "कोणीतरी अंगठ्याने घोडा ओढतोय. त्या दिवशीही..."

"काय डोकं खाताय तिचं!" सुनील पुढे आला. "म्हातारी बाई आहे, तिला काय पण ऐकवाल! खरीच पाल होती ती. कट्ट्यामागं होती. मी पण ऐकली ना!"

सहदेव काही बोलणार होता, शर्मिलाने हाताने थांबवलं. कारण रंगूबाईने मान वळवली होती. न दिसणारे डोळे बरोबर सुनीलच्या तोंडावर.

"तू ऐकलीस?"

"हां आत्या, मी..."

"तू तर भायेर गाडी धूत व्हतास ना रे सुन्या?"

आतून अंगणात पालीचा आवाज काय, हाक मारली तरी नीट येत नव्हती. सुनीललाही ते कळलं. तो दाराकडे मागे सरकला.

"मी गप बसले," रंगूबाई म्हणाली. ती आता शर्मिलाशी बोलत होती का राजेंद्रशी, कळत नव्हतं. "पडद्याआडनं सगळं ऐकलं आनि गप बसले. एक गेलेला. म्हनलं, दुसरा तरी राहू दे. माझ्या हातचं दूध पिऊन वाढलेला हाय."

"कोण काय बोललं होतं आत्या? पालीच्या आधी?"

"राजा बोलला. म्हनला, सुन्या, धोंडू तुझ्या गोळीनं मेला. जिता व्हता तो, हाक मारत व्हता, आनि तू त्याला टाकून आलास. उद्या सोनं वाटायच्या आधी चौकीवर चल, मी येतो संगती." तिने श्वास घेतला. "आनि पाल चुकचुकली. मला वाटलं, देवा, पालीनं साक्ष दिली. म्हंजी राजा बोलतो ते खरं हाय."

सुनील दाराच्या चौकटीला धरून खाली बसला.

"डुक्कर समजून मारली," तो म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात हिंदी नव्हतं. "झाडी हालली आनि मारली. जाऊन बघितलं तर धोंडू. मी घाबरलो. आनि दादा ऐकंनाच. लगीन मोडंल, नोकरी जाईल, पाया पडलो त्याच्या. तो म्हनला चल. मी नुस्तं भीती दाखवायला उचललं. आत्याशपथ. नुस्तं भीती दाखवायला."

"माझी शपथ घेऊ नको," रंगूबाई म्हणाली.

सारिका उठली. सुनीलच्या समोरून, त्याच्याकडे न बघता, ती रंगूबाईपाशी जाऊन बसली आणि जमिनीवरचा मोबाइल उचलून तिने सहदेवकडे धरला.

"भाऊ, ते परत लावा," ती म्हणाली. "बाराच्या आधीचं. ते हाक मारतात, तेवढंच."

७

शुक्रवारी साडेचारला शर्मिलाने अहवालावर सही केली. दुरुस्ती निर्दोष. परवाना कायम ठेवावा. सोबत हळदकुंकवाचा फोटो, दुरुस्तीचं कार्ड आणि तिच्याच अक्षरात एक तळटीप: "चार बोल म्हणजे घोडा पूर्ण मागे ओढताना होणारे चार आवाज."

दुपारीच पोलिसांनी दुकानाचं सील काढलं होतं. श्रीपतने आत जाऊन लेथवरची धूळ पुसली.

"आठ दिवस लागले पोरी त्या खाचा कोरायला," तो म्हणाला. "घोडा दोनदाच वाजला असता तर म्हातारीला पाल वाटली नसती. आणि मी हातच लावला नसता, तर काजळी कोणाला दिसली नसती. राजेंद्र जिता राहिला असता. मी नीट काम केलं की वाईट, तूच सांग."

नीलाने शर्मिलाच्या हातात चहा दिला होता आणि नवऱ्याला म्हणाली होती, "धोंडूची बायको येऊन बसलीय मागच्या दारी. तिला तुमच्या पाया पडायचंय. तिला विचारा."

सुहासने अहवाल उभ्याउभ्याच वाचला. पहिल्या पानावर त्याच्या भुवया वर गेल्या, त्या शेवटच्या पानापर्यंत खाली आल्या नाहीत.

"मॅडम, कमाल केलीत. खरं सांगतो, मला वाटलं होतं तुम्ही त्याला असंच वाचवणार."

"माहीत आहे."

"नाही, म्हणजे माझ्या मनात तसं काही नव्हतं हं."

कपाटामागून पाल चुकचुकली. सुहासचा हात सवयीने टेबलावर गेला. "कृष्ण कृष्ण. बघा, साक्ष!"

शर्मिलाचं पेन कागदावर थांबलं होतं. ती श्वास धरून मोजत होती.

तीन.

तिने आणखी थोडा वेळ वाट बघितली. मग पेनाला टोपण लावलं. पालच होती.